शब्दांचा कस

चेन्नईच्या सौकारपेट भागात पहाटे साडेचार वाजताही पूर्ण शांतता नसते. दुधाच्या पिशव्या उतरवणारा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा असतो, दारापुढे पाणी शिंपडून कोलम रेखणाऱ्या बायकांच्या बादल्या खणखणतात आणि दूर कोठेतरी देवळात घंटा वाजू लागते. त्या वेळी एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील सज्जात एकोणीस वर्षांची एक मुलगी वही उघडून बसलेली असे. वहीच्या प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ आखलेली होती. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. ‘रिलक्टंट’ म्हणजे अनुत्सुक, ‘मिटिगेट’ म्हणजे उपशमन करणे, ‘ॲम्बिग्युअस’ म्हणजे संदिग्ध, ‘एफेमेरल’ म्हणजे क्षणभंगुर. डोळे मिटून ती हे सारे पुटपुटत राही. मुक्त विद्यालयाच्या बारावीच्या इंग्रजीच्या परीक्षेला अडीच महिने उरले होते आणि वहीत चारशेहून अधिक शब्द होते.

तिचे वडील मूळचे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे. हा मुलूख दुष्काळी. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. म्हणून विटा, खानापूर, आटपाडी या बाजूची माणसे कित्येक दशकांपासून गलाईच्या धंद्यात शिरली आणि सराफ पेठांच्या मागोमाग भारतभर पसरली. जुने दागिने वितळवून त्यांतील शुद्ध सोने वेगळे काढणे, सोनारांच्या दुकानांतील झाडलोटीची माती विकत घेऊन तिच्यातील सोन्याचांदीचे कण मिळवणे, हे गलाईवाल्याचे काम. वडील सातवीनंतर चुलत्याच्या मागे मद्रासला आले, त्याच्या भट्टीवर राबले आणि पुढे एका अरुंद बोळात त्यांनी स्वतःचे लहानसे दुकान थाटले. मुलगी त्यांना ‘अप्पा’ म्हणे. ही हाक तमिळमध्येही वडिलांचीच असल्यामुळे शेजारपाजारच्यांना ती आपलीच वाटे.

मुलीचे चौथीपर्यंतचे शिक्षण गावी, आजीजवळ, मराठीत झाले. पाचवीपासून दहावीपर्यंत ती चेन्नईत तमिळ माध्यमात शिकली. आईच्या दीर्घ आजारपणामुळे दहावीनंतर शाळा सुटली आणि दोन वर्षांनी मुक्त विद्यालयातून ती पुन्हा सुरू झाली. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, सौकारपेटच्या दुकानांतून हिंदी आणि मारवाडी, परीक्षेत इंग्रजी, असा तिचा दिवस चार-पाच भाषांत विभागलेला असे. याचा तिला अभिमान वाटायला हवा होता. वाटत असे तो संकोच. यात्रेला गावी गेली की चुलत बहिणी तिच्या बोलण्यातील तमिळ हेल ऐकून हसत. चेन्नईत इंग्रजी बोलण्याची वेळ आली की ओठांपर्यंत आलेले वाक्य ती परत गिळून टाकी. आपल्याला सगळ्या भाषा थोड्या थोड्या येतात, म्हणजे खरे तर एकही येत नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

मागच्या खेपेला इंग्रजीत चार गुण कमी पडले होते. बाकीचे विषय सुटले होते, अगदी रसायनशास्त्रसुद्धा. रसायनशास्त्र तिने हौसेने घेतले होते. सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या केंद्रात काम करावे, अशी तिची इच्छा होती. २०२१ च्या जून महिन्यापासून देशात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. अशा केंद्रांतील यंत्रे, सूचना, अहवाल सारे इंग्रजीत. बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय तेथे उभे राहता येणार नव्हते. आई मात्र म्हणे, “एवढी खेप बघ. न्हाय जमलं तर गावाकडं स्थळं बघाय सांगूया.” आईच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे त्याला उत्तर देणे अधिक कठीण होते.

म्हणून ती घोकत होती. पण सकाळी पाठ केलेले वीस शब्द संध्याकाळपर्यंत आठावर येत आणि आठवड्याने त्यांतील दोन उरत. हा काही तिच्या एकटीच्या बुद्धीचा दोष नव्हता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती काळ लक्षात राहतात हे त्याने मोजले. पहिल्या काही तासांतच बहुतांश पाठांतर विरून जाते, आणि एकाच बैठकीत पुष्कळ वेळा घोकण्यापेक्षा मध्ये दिवस जाऊ देऊन केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्याला आढळले. मुलीच्या वहीतील शब्द तिच्यासाठी त्या निरर्थक अक्षरगटांहून फारसे वेगळे नव्हते. ‘उपशमन’ हा शब्द तिने आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाने करून द्यावी, तसा तो शब्दार्थ होता.

दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त शिक्षक राहत. सारे त्यांना नुसते ‘सार’ म्हणत. त्यांची घरची बोली तंजावरी मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला स्थापन केलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात कावेरीच्या काठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तमिळनाडूत आपली जुनी बोली बोलतात. सारांच्या मराठीतही तमिळचा हेल होता, आणि त्यांना त्याचा संकोच मुळीच नव्हता. अप्पांच्या सांगण्यावरून मुलगी एका संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडे गेली.

सारांनी वही सावकाश चाळली. मग ती मिटून विचारले, “बाळ, या पानावर इंग्रजी आहे, मराठी आहे. तू कोठे आहेस?”

मुलीला प्रश्न कळला नाही. सारांनी ‘रिलक्टंट’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, “गावाहून परत निघताना तुझी आजी गाडीपर्यंत येते ना? तेव्हा तुझे पाऊल कसे पडते?”

“जड होतं, सार. पुढं टाकावंसं वाटत नाही.”

“तेच हे. आता हे इंग्रजीत एका वाक्यात लिही.”

तिने लिहिले. वाक्य पाच-सहा शब्दांचे होते आणि त्यात एक चूक होती. सारांनी चूक दुरुस्त केली, पण वाक्य बदलले नाही. त्या दिवसापासून नियम ठरला. रोज दहाच शब्द. प्रत्येक शब्दाचे एक वाक्य, आणि ते त्या दिवशी पाहिलेल्या, ऐकलेल्या किंवा भोगलेल्या गोष्टीविषयीच. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्याच शब्दाची पुन्हा भेट. मोठा शब्द दिसला की त्याचे तुकडे करून पाहायचे. संस्कृतातील ‘सु’ आणि ‘दुस्’ हे उपसर्ग तिला ठाऊक होते. ‘बेने’ म्हणजे चांगले, ‘मॅल’ म्हणजे वाईट आणि ‘व्होल’ म्हणजे इच्छिणे, हे कळल्यावर ‘बेनेव्होलंट’ आणि ‘मॅलेव्होलंट’ हे दोन शब्द हितचिंतक आणि अहितचिंतक अशा जोडीने तिच्यासमोर उभे राहिले.

“पण सार, परीक्षेत अवघड शब्द वापरले तर गुण जास्त मिळतात म्हणतात,” ती एकदा म्हणाली.

त्यावर सारांनी तिला माधवरावांची गोष्ट सांगितली.

टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथील एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला. १८४० मध्ये मद्रास सरकारने काढलेली शाळा प्रथम एग्मोरला भरली आणि लवकरच पॉपहॅम्स ब्रॉडवे या रस्त्यावर आली. हा रस्ता आज प्रकाशम् सालै म्हणून ओळखला जातो आणि सौकारपेटपासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. याच शाळेतून पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज उभे राहिले. केंब्रिजमध्ये गणित शिकलेले एअर बर्टन पॉवेल हे तेथील मुख्य शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली माधवरावांनी इंग्रजी, गणित व विज्ञान यांचा अभ्यास केला आणि १८४६ मध्ये ते उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले. घरात मराठी, दारात तमिळ आणि शाळेत इंग्रजी अशीच त्यांचीही स्थिती होती. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले.

१८७५ मध्ये माधवराव बडोद्याला गेले. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, तोवर अक्षरओळखही नसलेला बारा वर्षांचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. हेच पुढचे महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनाही मराठी आणि गुजरातीबरोबर इंग्रजी नव्याने शिकावे लागले. १८८१ च्या अखेरीस त्यांच्या हाती राज्यकारभार सोपवला गेला. त्यापूर्वी माधवरावांनी त्यांना राजाच्या कर्तव्यांविषयी व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपात आली. मद्रासच्या शाळेत इंग्रजीवर प्रभुत्व मिळवलेल्या, अनेक वर्षे ब्रिटिश अधिकाऱ्यांशी त्याच भाषेत पत्रव्यवहार केलेल्या या दिवाणाने तेथे शब्दांचे वैभव दाखवले नाही. समोर अठरा वर्षांचा तरुण आहे, इंग्रजी त्याने उशिरा शिकली आहे, आणि उद्या लक्षावधी माणसांचे बरेवाईट त्याच्या हाती असणार आहे, हे ओळखून त्यांनी साधी, सरळ भाषा वापरली. याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

“मोठे शब्द माधवरावांना येत नव्हते असे नाही, बाळ,” सार म्हणाले. “कोठला शब्द कोठे हवा, हे त्यांना येत होते. तू चारशे शब्द शीक. पण चारशे दाखवायला जाऊ नकोस.”

त्या आठवड्यात मुलगी नेताजी सुभाषचंद्र बोस रस्त्यावरून जात असताना पच्चय्यप्पा हॉलसमोर थांबली. ग्रीक देवळासारखे खांब असलेली ही वास्तू तिने लहानपणापासून पाहिली होती. पच्चय्यप्पा कॉलेज १९४० पर्यंत याच परिसरात होते आणि १९०६ मध्ये गणिती श्रीनिवास रामानुजन येथे शिकायला आले होते, हे तिला सारांकडून नुकतेच समजले होते. त्याआधी कुंभकोणमच्या महाविद्यालयात रामानुजन यांनी गणितापुढे इतर विषयांकडे दुर्लक्ष केले, इंग्रजीत ते नापास झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. मद्रासलाही त्यांना ती परीक्षा कधी उत्तीर्ण होता आली नाही. मात्र १९१३ च्या जानेवारीत, मद्रास बंदराच्या हिशेब खात्यात कारकून असताना, त्यांनी केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले ते इंग्रजीतच. त्या पत्रात त्यांनी आपण कोण आहोत, किती पगारावर काम करतो आणि आपण काय शोधले आहे, हे साधेपणाने कळवले. ज्या भाषेच्या परीक्षेने त्यांना नापास ठरवले होते, त्याच भाषेने त्यांचा हात धरून त्यांना जगाच्या दारापर्यंत नेले. परीक्षेतील अपयश आणि भाषेचे दार बंद होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या खांबांकडे पाहत असताना मुलीला प्रथमच जाणवले.

रोजची दहा वाक्ये लिहिण्यासाठी ती आता अधिक वेळ अप्पांच्या दुकानात बसू लागली. घरात दहा वाक्यांपुरते नवे काही घडत नसे. भट्टीपाशी मात्र सतत काही ना काही चाललेले असे. एका दुपारी यादीतील ‘रेसिड्यू’ हा शब्द तिच्यासमोर आला. अर्थ लिहिला होता ‘अवशेष’. अप्पा तेव्हा सोनाराकडून आणलेल्या मातीची गाळणी करत होते.

“अप्पा, सगळं काढून घेतल्यावर जे मागं राहतं, त्याला काय म्हणायचं?”

अप्पा हसले. “आगं, त्येच्यावर तर आपलं घर चालतंय. लोकांच्या लेखी ती माती. आपल्या लेखी लक्ष्मी.”

मुलीने वहीत ‘अवशेष’ हा अर्थ खोडला नाही. त्याच्याखाली तिने इंग्रजीत लिहिले, की तिचे कुटुंब रेसिड्यूवर जगते. त्यानंतर हा शब्द पाठ करण्याची गरज तिला कधी पडली नाही.

त्याच दिवसांत सोने शुद्ध करण्याची पद्धत तिने नीट पाहिली. जुन्या दागिन्यात सोन्याबरोबर तांबे आणि चांदी असते. ती काढायची म्हणजे दागिना सरळ नायट्रिक आम्लात, कारागिरांच्या भाषेत तेजाबात, बुडवायचा असे कोणालाही वाटेल. पण सोन्याचे प्रमाण जास्त असले तर त्याच्या आड दडलेल्या इतर धातूंपर्यंत आम्ल पोचू शकत नाही. म्हणून आधी मुशीत त्या सोन्याबरोबर आणखी चांदी वितळवतात. एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी होईल, अशी ती मिसळतात. मगच आम्ल सगळीकडे शिरते, चांदी आणि तांबे विरघळून जातात आणि तळाशी सोने उरते. तेही चकाकणारे नसते. तपकिरी भुकटी असते ती. पुन्हा तापवल्यावरच तिच्यावर पिवळा रंग चढतो. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या द्रावणात तांब्याचा पत्रा ठेवला की ती पुन्हा मिळते.

“शुद्ध करायचंय, तर आधी मिसळायचं कशाला?” मुलीने विचारले होते.

“मिसळल्याबिगर सुटं होत न्हाई, पोरी,” अप्पा म्हणाले. हे वाक्य तिने त्या दिवशीच्या वहीत मराठीतच लिहून ठेवले. इतकी वर्षे आपली मराठी तमिळने बिघडली आणि इंग्रजी मराठीने बिघडली, अशी तिची समजूत होती. आजीच्या निरोपातून, तमिळ शेजारणीच्या बोलण्यातून, अप्पांच्या मातीतून गेलेले इंग्रजी शब्दच तेवढे तिच्याजवळ टिकले होते, हे ती वही उलटी चाळताना तिच्या ध्यानात आले.

परीक्षेला पंचवीस दिवस उरले असताना ती दुकानात एकदा एकटीच बसली होती. कोपऱ्यात तेजाबाचा कॅन होता. त्याच्यावरचा पांढरा कागद तिने लहानपणापासून पाहिला होता, वाचला कधीच नव्हता. त्या दिवशी सवयीने तिची नजर त्यावर गेली आणि यादीतला एक शब्द तेथे भेटला, ‘करोझिव्ह’. वहीत त्याचा अर्थ ‘संक्षारक’ असा होता. तिला तो कधी उमगला नव्हता. ती खाली बसून बारीक अक्षरे वाचू लागली. ‘इनहेल’ म्हणजे श्वासावाटे आत घेणे. ‘व्हेंटिलेशन’ म्हणजे खेळती हवा. हे शब्द तिने परीक्षेसाठी पाठ केले होते.

अप्पा आल्यावर तिने त्यांना तो कागद वाचून दाखवला, मराठीत. हे आम्ल कातडी जाळते. याची वाफ श्वासावाटे आत जाऊ देऊ नका. हवा खेळती असेल तेथेच वापरा. रसायनशास्त्रात शिकलेले तिने त्याला जोडून सांगितले. धातू विरघळताना जो तांबूस धूर निघतो, तो फुप्फुसांना घातक असतो, आणि त्याचा त्रास काही वेळा लगेच न होता काही तासांनी सुरू होतो. अप्पांना वर्षानुवर्षे खोकला होता. चेन्नईची दमट हवा मानवत नाही, असे ते म्हणत. काम करताना तोंडाला ओला रुमाल बांधला की पुरे, असे त्यांना वाटे.

अप्पा बराच वेळ त्या कॅनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ईस वर्सं ह्यो डबा माझ्यासंगं बोलतुया, आन् मला काय ऐकू आलं न्हाई.”

पुढच्या रविवारी दुकानाच्या मागच्या भिंतीला भगदाड पाडून धूर बाहेर ओढणारा पंखा बसवला गेला. योग्य मुखपट्टी आणि हातमोजे आले. खर्च त्यांच्या मानाने मोठा होता. आईने त्या दिवसापासून स्थळांचा विषय काढला नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सारांनी मुलीला एग्मोरच्या कन्नेमारा ग्रंथालयात पाठवले. १८९६ मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती जपणाऱ्या ग्रंथालयांपैकी एक आहे. “तेथे मोठा इंग्रजी शब्दकोश आहे. तुला ज्याची भीती वाटते तो शब्द त्यात पाहून ये,” एवढेच सार म्हणाले होते.

मुलीला भीती होती ती ‘टेस्ट’ या शब्दाची. तिने तो काढला आणि ती चकित झाली. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील मातीच्या भांड्याच्या नावात होते. इंग्रजीत तो प्रथम आला तो सोन्याचांदीचा कस पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भांड्याचे नाव म्हणून. मग तिने ‘एक्झामिनेशन’ पाहिला. त्याचे मूळ ‘एक्झामेन’, म्हणजे तराजूचा काटा. शेवटी तिने निबंधासाठीचा इंग्रजी शब्द ‘एसे’ काढला. तो आणि धातूची शुद्धता तपासणे या अर्थाचा ‘असे’ हा शब्द, दोन्ही एकाच मुळातून आलेले, वजन करणे आणि पारखणे या अर्थाच्या जुन्या शब्दातून. ज्या केंद्रात काम करण्याचे स्वप्न ती पाहत होती, तेथील कामाचे नाव आणि उत्तरपत्रिकेत लिहायच्या निबंधाचे नाव ही सख्खी भावंडे होती.

आणि मराठीत? तो शब्द पाहायला तिला कोश लागला नाही. सोने ज्या काळ्या दगडावर घासून पाहतात तो कसोटीचा दगड अप्पांच्या गल्ल्यात होता. इंग्रजांनीही परीक्षेला नाव दिले ते सोनाराच्या भांड्याचे आणि मराठी माणसांनीही दिले ते सोनाराच्या दगडाचे. ज्या शब्दांना ती परके समजून घाबरत आली होती, ते तिच्या वडिलांच्या दुकानातूनच निघाले होते.

इंग्रजी शब्दकोशात आणखीही ओळखीचे चेहरे होते. ‘मंगूस’ हा शब्द मराठी मुंगसावरून गेला होता, ‘कॅटमरान’ हा तमिळमधील बांधलेल्या ओंडक्यांच्या होडीवरून. अशा हिंदी, मराठी, तमिळ वळणाच्या इंग्रजी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी ए. सी. बर्नेल हे मद्रास इलाख्यातील अधिकारी होते आणि तंजावरच्या मराठा राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूचीही त्यांनीच तयार केली होती. त्याच्याही आधी, १८१२ मध्ये, कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना दक्षिणेतील भाषा शिकवण्यासाठी मद्रासला फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज स्थापन झाले होते. याच शहरात कोणे एके काळी इंग्रज मुले तमिळ आणि तेलुगू शब्द घोकत परीक्षेची धास्ती घेत बसली असतील, या कल्पनेने मुलीला हसू आले.

परीक्षेच्या दिवशी निबंधासाठी दिलेल्या विषयांत परिसरातील एखाद्या व्यवसायाविषयी लिहिण्याचा एक विषय होता. तिने अप्पांच्या दुकानाविषयी लिहिले. माती, मूस, तेजाब, तपकिरी भुकटी आणि पंखा. चारशे शब्दांपैकी जेमतेम अकरा शब्द त्यात आले. बाकीची वाक्ये साध्या शब्दांची होती. ‘मिटिगेट’ हा शब्द तिला पंख्याबद्दल वापरता आला आणि तो वापरताना ‘उपशमन’ आठवावे लागले नाही.

निकाल लागला तेव्हा इंग्रजीत तिला एकसष्ट गुण होते. गल्लीत पेढे वाटण्याइतके ते मोठे यश नव्हते, तरी आईने पेढे वाटले. सारांनी गुणपत्रिका पाहून मान डोलावली आणि विचारले, “वही टाकून तर दिली नाहीस ना?”

वही टाकली नव्हती. तिच्यातील एक पान मात्र फाडलेले होते. त्यावर मुलीने तेजाबाच्या कॅनवरील सूचना मराठीत आणि तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिल्या आणि तो कागद अप्पांच्या दुकानात भट्टीशेजारी चिकटवला. महिनाभराने विट्याहून सतरा वर्षांचा एक नवा मुलगा काम शिकायला आला. पहिल्या दिवशी अप्पांनी त्याला भट्टीकडे नेले नाही. आधी त्या कागदासमोर उभे केले आणि म्हणाले, “वाच. मोठ्यानं वाच.”